दहा टोप्या आणि हळदीचं बोट

आमच्या घरात शिवायला बसायची आई आणि सुईत दोरा ओवायचो मी. माझं शिक्षण काय, असं कुणी विचारलं तर हेच. बाबा पुण्याहून कॉम्प्युटरच्या कामावर जपानला आले आणि वर्षभराने आम्हालाही इचिकावाला घेऊन आले, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. पुण्यातही मी शाळेत मागच्या बाकावर बसून पुढच्या पोराच्या सदऱ्याच्या चौकड्या मोजण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. इथे जपानी शाळेत घातलं. तिथे एक सोय होती, मला काही कळत नाही हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी मान्य होतं. अडीच वर्षं मी त्या वर्गात बसलो. सगळ्यांबरोबर उठलो, सगळ्यांबरोबर वाकलो, वर्गाची फरशी तर अशी पुसली की मास्तरांनी घरी चिठ्ठी पाठवून कौतुक केलं. मग पुढच्या शाळेची प्रवेशपरीक्षा आली. तिथे मी कागदावर स्वतःचं नाव बरोबर लिहिलं आणि परत आलो. माझी धाकटी बहीण रेवा तोपर्यंत जपानीत भांडायला शिकली होती. पोस्टाने घरी काही आलं की बाबा ते तिच्यासमोर धरायचे. नऊ वर्षांची पोरगी चष्मा नसताना चष्मा असल्यासारखी भुवई वर करून वाचायची आणि वाचून झालं की म्हणायची, "दादाला पण विचारा ना एकदा." मी शेजारीच उभा असायचो.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. एका खोलीत चटया अंथरलेल्या, दुसऱ्या खोलीत ओटा, फ्रीज आणि आम्ही. खाली रेल्वेचं फाटक होतं. ते दिवसभर कान-कान-कान करून वाजायचं आणि आईचा कुकर त्याला वरून उत्तर द्यायचा. सुरुवातीला शिट्टी झाली की आई धावत जाऊन कुकरवर ओला टॉवेल टाकायची, खालच्या म्हाताऱ्या बाईंना त्रास नको म्हणून. मग एकदा त्या बाईच जिन्यात भेटल्या आणि रेवामार्फत सांगितलं की शिट्टी तिसरी झाली की त्या स्वतःचा भात लावतात, त्यामुळे मधेच बंद करू नका. तेव्हापासून आमचं वरण जास्त शिजायला लागलं. पोळ्यांचं मात्र काही जमेना. इथल्या पिठाच्या पोळ्या तव्यावर फुगायच्या आणि ताटात येईपर्यंत पुठ्ठा व्हायच्या. आई म्हणायची, "खा मुकाट्याने, दात बळकट होतात." आता माझे पुढचे दोन दात खोटे आहेत. ते बळकट आहेत.

आईला इथे येऊन भाषा आली नाही, पण काम आलं. इचिकावात आपल्याकडची बरीच कुटुंबं होती आणि कुणाकडे ना कुणाकडे बाळ व्हायचंच. बाळ झालं की आई कुंची शिवायची. मऊ कापडाची, मागे पाठीवर सोडलेली, कडेला झालर आणि हनुवटीखाली बंद. आईची नजर तेव्हाच कमी झाली होती, म्हणून दोरा ओवायला मी. दोरा ओवता ओवता मी धावदोरा शिकलो, मग हातशिलाई, मग बंदाचं टोक आत कसं दुमडायचं ते. सतरा वर्षांचा मिशी फुटलेला मुलगा मांडीवर बाळाची कुंची घेऊन बसलाय, हे बघून बाबांना काय वाटत असेल ते आता मी बाप झाल्यावर कळतं. तेव्हा मला वाटायचं ते पेपर वाचतायत.

बाबांनी माझ्यासाठी एक सोय करून ठेवली होती. सांगलीला मामाचं फरशीचं दुकान होतं. "अठरा पूर्ण झाली की जा तिकडे. निदान आपल्या भाषेत शिव्या तरी खाशील," असं ते म्हणायचे. रागाने नाही म्हणायचे, थकून म्हणायचे, म्हणून जास्त लागायचं. मला मामाची भीती नव्हती. मामा चांगला माणूस होता. पण आमच्याकडे रोज चार ताटं मांडली जायची आणि ताटं मी मांडायचो. तीन ताटं कशी दिसतील हे मी एकदा घरात कुणी नसताना मांडून बघितलं होतं. लगेच चौथं ठेवलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज पहिल्यांदा सांगतोय, आणि हसायचं असेल तर हसा.

स्टेशनच्या मागच्या गल्लीत कपडे दुरुस्तीचं एक दुकान होतं. पँटची लांबी कमी करणे, चेन बदलणे, कोटाचं अस्तर. दुकान कुमागाइ-सान चालवायच्या. इथे मानाने सगळ्यांच्या नावापुढे सान लावतात. पन्नाशी उलटलेल्या, केस कानापर्यंत कापलेले, गळ्यात कायम मोजपट्टी. मी बाबांची पँट घेऊन गेलो होतो. भाषा येत नव्हती म्हणून मी बाबा होऊन दाखवलं. म्हणजे पँट बुटाखाली अडकते, बाबा ऑफिसला घाईने निघतात, पायरीवर अडखळतात आणि शेजारच्या बाईंच्या कुंडीत जातात, असं सगळं. कुमागाइ-सान हसल्या नाहीत. त्यांनी पँट घेतली, टाचण्या लावल्या आणि माझ्या सदऱ्याच्या बटणाकडे बोट केलं. ते मीच लावलं होतं, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. "कुणी?" मी छातीवर हात ठेवला. "उद्या ये," त्या म्हणाल्या. अशी मला बाइतो लागली. इथे अर्धवेळ कामाला बाइतो म्हणतात. परवानगीचा कागद रेवाने भरला आणि त्याबद्दल माझ्याकडून दोन आइस्क्रीम घेतली.

आता कुमागाइ-सानचं वेड सांगतो. इतका वेळ थांबलो कारण हे सांगितलं की लोक मला खोटारडा समजतात. त्यांचा एक गट होता. त्सुकुबाकडची मंडळी, कुणी संशोधन संस्थेत, कुणी कॉलेजात शिकवणारे, सगळे माझ्यापेक्षा शंभरपट शिकलेले. हे लोक वर्षातून दोनदा एका मैदानात जमायचे आणि हजार वर्षांपूर्वी युरोपात उत्तरेकडच्या समुद्राकाठच्या एका गावात लोक जसे राहायचे तसे एक दिवस राहायचे. तसेच कपडे, तशीच भांडी, तसाच धूर. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "नाटक?" कुमागाइ-सान म्हणाल्या, "नाही. नाटकात प्रेक्षकाला दिसतं तेवढं खरं असलं तरी पुरतं. आमच्यात आतली शिवणसुद्धा खरी लागते." आणि त्या गटात बायकांच्या डोक्यावर काय असायचं याची जबाबदारी कुमागाइ-सानची. त्या काळच्या बायका म्हणे उघड्या डोक्याने फिरायच्या नाहीत. आत एक घट्ट टोपी, तिचे बंद हनुवटीखाली, आणि वरून ओढणीसारखं कापड. खोदकामात कुठे चिखलात अशा टोप्या सापडल्यात, त्यांचे फोटो कुमागाइ-सानच्या दुकानात शिलाई मशीनच्या वर लावलेले होते. मला ते फोटो बघून वाटायचं, चहा गाळायचं फडकं आहे.

त्या वर्षी वसंतातल्या जमण्यासाठी दहा टोप्या हव्या होत्या. कापड कुमागाइ-साननी स्वतः विणलं होतं, हातमागावर, अख्खा हिवाळा बसून. जवसाच्या झाडाच्या काडीतून जो धागा निघतो त्याचं कापड. मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "जवस? चटणीचा जवस?" तोच. आईने कापडाला हात लावला आणि पहिला प्रश्न विचारला की मग चटणी त्यांनी काय केली. कापड मोजून दहा टोप्यांचं, अकराव्या टोपीला एक वीतही नाही. मशीन चालवायचं नाही, सगळं हाताने, दोरा मेणावरून ओढलेला. कुमागाइ-सानना इतर कामं होती, म्हणून कापून त्या देणार आणि शिवायचं मी. "मनो-कुन," त्या म्हणाल्या. माझं नाव मनोहर, घरी मन्या, दुकानात मनो-कुन. "हे नीट झालं तर मी तुझ्या वडिलांशी बोलेन. पूर्ण वेळ शिकवेन तुला." हे मी घरी येऊन बाबांना सांगितलं. रेवाने मधे बसून नीट भाषांतर केलं, कारण माझ्यावर बाबांचा विश्वास नव्हता. बाबा बराच वेळ आमटी भुरकत राहिले. मग म्हणाले, "दहा?" म्हटलं, "दहा." "मन्या, तू आयुष्यात सुरू केलेली एक गोष्ट मला संपवून दाखव. फक्त एक. मग सांगलीचं मी बघतो काय करायचं ते."

मी पहिली टोपी घरी आणली आणि आईने ती उचलून उलट-सुलट केली. एक लांबट पट्टा मधोमध दुमडलेला, मागची बाजू शिवायची, डोक्याच्या मागे वरचा कोपरा बसतो तिथे बारीक चुण्या घालून गोल करायचा, आणि दोन बंद. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, ही तर कुंची! मागचा पाठीवरचा भाग कुठाय?"

"नसतो त्यांच्यात."

"आणि एवढं मोठं डोकं कुठल्या बाळाचं?"

"बाळ नाही ग. मोठ्या बायका घालणार. हजार वर्षांपूर्वीच्या."

"हजार वर्षांच्या बायका?" आईने डोळे मोठे केले. "मग शीव बाबा लवकर, थांबायच्या नाहीत."

आता खरं सांगायचं तर मला सरळ शिवण यायची, पण मागच्या चुण्या येत नव्हत्या. पहिल्या टोपीच्या मागे माझ्या हातून एक टेंगूळ झालं. आईने ते बघितलं आणि "आण इकडे" म्हणाली. मग आमचं असं ठरलं की मी दोरा ओवायचा, मेणावरून ओढायचा, बंद करायचे, आणि आईने चुण्या दाखवायच्या. दाखवता दाखवता आईने पाच टोप्या पूर्ण केल्या. उरलेल्या पाच मी केल्या. माझं असं प्रामाणिक मत होतं की माझ्या पाच आईच्या पाचांपेक्षा उजव्या आहेत. दुपारी घरात आम्ही दोघंच, बाहेर फाटक वाजतंय, पाच वाजता गावातल्या भोंग्यावरची ती संध्याकाळची धून लागतेय, आणि आई मला तिच्या माहेरच्या कुठल्या कुठल्या बाळांची डोकी कशी होती ते सांगतेय. त्या पंधरा दिवसांइतका मी नंतर कधी कामात रमलो नाही. आता माझंच दुकान आहे, मशीन विजेचं आहे, तरी सांगतो.

कार्यक्रम रविवारी होता. शनिवारी सकाळी मी टोप्या खोक्यात भरायला बसलो. घडी घालताना एका टोपीच्या आत, मानेच्या बाजूला कडेवर, पिवळा ठिपका दिसला. बोटाच्या पेराएवढा. दुसरी उघडली, तिथेही. दहाच्या दहा.

"आई! हे काय?"

आई ओट्याशी कोबी चिरत होती. "काय म्हणजे? हळदीचं बोट लावलंय. कोरं कापड तसंच द्यायचं कुणाच्या डोक्यावर घालायला?"

"अगं पण..."

"बायकांच्या डोक्यावर कोरं पांढरं जाणार. मला नाही पटलं. कुंकू पण लावणार होते, पण पुण्याचं कुंकू संपत आलंय, म्हटलं हळदीवर भागवू. कुंचीला नाही का लावत आपण?"

कुंचीला आम्ही लावतोच. मीच वाटीत हळद कालवून द्यायचो. त्यामुळे तिच्यावर ओरडायलाही जागा नव्हती. मी आईला त्या गटाचा नियम सांगितला, की हजार वर्षांपूर्वी त्या गावात जे नव्हतं ते टोपीवर असून चालत नाही. आईने सुरी खाली ठेवली. "हळद नव्हती?" म्हणाली. "मग त्यांची लग्नं कशी व्हायची?" पण मग तिने माझा चेहरा बघितला. तिला सांगली आठवली असणार. पदराला हात पुसत ती म्हणाली, "धुऊन बघ ना."

मी साबण घेतला. ज्यांनी कधी हळदीचा डाग साबणाने धुतला असेल ते आत्ताच हसायला लागले असतील. साबण लागला आणि तो पिवळा ठिपका लाल झाला. पान खाऊन थुंकल्यासारखा लाल. शहाणा माणूस असता तर एकीवर थांबला असता. मी म्हटलं, कदाचित हीच टोपी बिघडलेली असेल, आणि दुसरी घेतली. मग तिसरी. तिसरी लाल झाल्यावर मला पटलं. लाजेने मी त्या तीन टोप्या कचऱ्यात टाकायचाही विचार केला, पण रेवा दारात उभी होती. "आज शनिवार," ती म्हणाली, "जळणारा कचरा मंगळवारी." जपानात गुन्हा लपवायचा तरी वार बघावा लागतो. बाबा आतून म्हणाले, "काय चाललंय?" आम्ही तिघंही एकदम म्हणालो, "काही नाही." आमच्या घरात तिघांचं एकमत झालेलं मला तेवढं एकदाच आठवतंय.

रविवारी पहाटे कुमागाइ-सान व्हॅन घेऊन आल्या. मागे लाकडी खांब, कापडी तंबू, मडकी. मी पुढे बसलो, मांडीवर खोकं. त्सुकुबापर्यंतच्या अख्ख्या रस्त्यात मी त्यांना सांगायचा प्रयत्न करत होतो. पण मला जपानी यायची ती दुकानाची. "चेन अडकली", "दोन सेंटिमीटर", "मंगळवारी तयार". यात आपलं पाप बसेना. मी दोनदा "कुमागाइ-सान" म्हणून सुरुवात केली. एकदा त्यांनी गाडी थांबवून मला कोंबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानात नेलं, त्यांना वाटलं पोराला संडास हवाय. दुसऱ्यांदा मी घाबरून खिडकीबाहेर बोट केलं आणि म्हणालो, "डोंगर." त्या म्हणाल्या, "हो. डोंगर."

मैदानात पोचलो तेव्हा मंडळी आपापले तंबू लावत होती. लोकरीचे झगे, कमरेला पट्टे, आणि तोंडाने एकमेकांना जपानीत नमस्कार. बायका केस विंचरून, वेण्या घालून टोप्यांची वाट बघत बसलेल्या. या गटात एक होसोदा-सान होते. बारीक, उंच, संस्थेत कशाचं तरी संशोधन करणारे. कुणीही काहीही नवीन बनवून आणलं की पहिल्यांदा होसोदा-साननी भिंगातून बघायचं आणि त्यांनी मान हलवली की मगच ते अंगावर चढायचं, असा यांचा रिवाज. एका फळीवर त्यांनी दहाही टोप्या मांडल्या. मी मुद्दाम लाल डागांच्या तीन खाली ठेवल्या होत्या. त्यांनी नेमक्या आधी खालून काढल्या. पण अजून बाहेरची बाजू वर होती.

भिंग फिरत होतं. टोप्यांचे हळूहळू दोन गट झाले. पाच उजवीकडे, पाच डावीकडे. मग त्यांनी उजवीकडच्या पाचांवर हात ठेवला आणि कुमागाइ-सानना म्हणाले की या चुण्या फार सुंदर आहेत, हा जुना हात आहे, लहानपणापासून शिवणाऱ्याचा. मी वाकलो. चांगला कमरेतून वाकलो. वाकलेलाच असताना मला फळीवरच्या टोप्या जवळून दिसल्या आणि मी ओळखल्या. त्या आईच्या होत्या. डावीकडच्या पाचांबद्दल होसोदा-सान म्हणाले, "आणि या कुणी तरी घाईत, बहुधा बोटीत बसून शिवल्या असाव्यात." सगळे हसले. मी पण हसलो, वाकूनच.

मग त्यांनी टोपी उलटी केली.

हसणं थांबलं. त्यांनी एक टोपी बघितली, दुसरी बघितली, लाल डागाची तिसरी उचलून नाकाजवळ नेली. कुमागाइ-सान पुढे आल्या. ज्या कापडावर त्यांचा एक हिवाळा गेला होता त्याच्यावर त्यांनी अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. "मनो-कुन. हे काय?"

आता सांगणं भाग होतं आणि शब्द नव्हते. म्हणून मी पँटच्या वेळी केलं तेच केलं. करून दाखवलं. मी आई झालो. पदर घेतला, चष्मा शोधला, सुई धरली. इथे मी बोट करून उजवीकडच्या पाच टोप्या दाखवल्या आणि म्हटलं, "माझी आई." डावीकडच्या पाच दाखवल्या, "मी." मग बाळ झालो, रडलो. मग पुन्हा आई झालो, वाटीत बोट बुडवलं, कापडाच्या कडेला लावलं आणि बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "वाईट होऊ नये," म्हटलं. "घालणाऱ्याला. काही होऊ नये." मग साबण झालो, म्हणजे साबण लावणारा मी झालो आणि लाल डाग बघून उडालो. मला वाटतं तिथपर्यंत मी रडायला लागलो होतो, पण लोकांना ते नाटकातलंच वाटलं असावं. अजून मी कुणाला खरं सांगितलेलं नाही.

होसोदा-सान म्हणाले, "ही हळद आहे का?" मी मान हलवली. "त्या गावात हळद नव्हती," ते म्हणाले. अगदी खेदाने म्हणाले बिचारे. जणू ती तिथे असती तर त्यांनाही आवडलं असतं.

कुमागाइ-सान टोपी हातात घेऊन उभ्या होत्या. मी मनात बॅग भरत होतो. दोन सदरे, स्वेटर सांगलीत लागणार नाही, रेवाला देऊन टाकू. तेवढ्यात त्या वळून म्हणाल्या, "पाणी आणा. बादलीभर."

कुणी तरी बादली आणली. त्यांनी लाल डागाच्या टोप्या पाण्यात बुडवून खळबळल्या, दोनदा, तीनदा. साबण निघाला तसा लाल रंग परत पिवळा झाला. मग त्या बोलायला लागल्या, आणि मला त्यातलं निम्मं तेव्हा कळलं, निम्मं नंतर दुकानात त्यांच्या हाताखाली बसून कळलं. रंगाऱ्याला सगळ्यात जास्त दगा देणारा रंग म्हणजे हळद. चढतो पटकन आणि ऊन लागलं की पळून जातो. आणि जवसाचं कापड पांढरं करायला त्या जुन्या काळातल्या बायका तरी काय करायच्या? ओलं करून गवतावर पसरायच्या, उन्हात, आणि सुकलं की पुन्हा ओलं. "होसोदा-सान," त्या म्हणाल्या, "गवतावर कापड वाळवणं त्या गावात होतं ना?" होसोदा-साननी भिंग खिशात ठेवलं. "होतं," म्हणाले. "नक्की होतं." त्यांनाच सगळ्यात जास्त हायसं वाटलेलं दिसलं.

दहा टोप्या ओल्या करून, उलट्या करून गवतावर पसरल्या गेल्या. त्या दिवशी ऊन असं पडलं होतं की त्याला मी आजही मनातल्या मनात हात जोडतो. दर थोड्या वेळाने पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे. बायका उघड्या वेण्यांनी भोवती बसल्या. बघायला आलेले लोक विचारायचे की हे काय चाललंय, आणि होसोदा-सान त्यांना हजार वर्षांपूर्वीचं कापड वाळवणं इतकं समजावून सांगायचे की शेवटी त्यांनाच वाटायला लागलं असावं की हे ठरवूनच केलंय. दुपारपर्यंत ठिपके फिकट झाले. आईने डब्यात दिलेली कोबीची भाजी आणि पुठ्ठ्याच्या पोळ्या मी खाल्ल्या. शेजारी बसलेल्या एका बाईंनी एक पोळी मागून घेतली, मोडून बघितली आणि म्हणाल्या, ही मात्र अगदी त्या काळातली वाटते. चारच्या सुमारास कुमागाइ-साननी एक टोपी उचलली, उन्हाकडे धरली, डोळे बारीक केले आणि होसोदा-सानकडे दिली. त्यांनी भिंग काढलं. शोधत होते. किती तरी वेळ शोधत होते. मग मान हलवली. बायकांनी टोप्या घातल्या, बंद बांधले, आणि दिवसाचा शेवटचा तास डोकं झाकून फिरल्या.

मी एका तंबूमागे जाऊन खाली बसलो. मला इतकं हलकं वाटत होतं की लाजच वाटली.

परतीच्या वाटेवर कुमागाइ-सान नुसत्या गाडी चालवत होत्या. मीही डोंगर दाखवला नाही. घरापाशी गाडी थांबली तेव्हा त्यांनी खोकं उघडलं, पाच टोप्या काढून स्वतःकडे ठेवल्या आणि उरलेल्या पाच माझ्या मांडीवर ठेवल्या. डावीकडच्या. "उसव," त्या म्हणाल्या. "मागची शिवण सगळी. सोमवारी नऊ वाजता दुकानात. पुन्हा शिव. आईने दाखवलं तसं." आणि मग, गाडी सुरू केल्यावर, काच खाली करून म्हणाल्या, "आईला सांग, हळद मला विचारून लावायची."

मी जिना चढत होतो आणि दुसऱ्या मजल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याला काढून टाकायचं असतं त्याला कुणी उसवायला सांगत नाही. स्वतःच उसवून दुसऱ्याला शिवायला देतात. उरलेला मजला मी दोन-दोन पायऱ्या चढलो आणि शेवटच्या पायरीवर पडलो.

दार बाबांनीच उघडलं. शनिवारचं सगळं त्यांना कळलं होतं, आईने सांगून टाकलं होतं. आई त्यांच्या मागे उभी, तिच्या मागे रेवा. माझा फुटलेला गुडघा आणि हातातल्या पाच टोप्या बघून आईने तोंडावर हात ठेवला. मी एका श्वासात सगळं सांगितलं, पाणी, गवत, ऊन, भिंग, सोमवारी नऊ. आईला एवढंच कळलं की हळद गेली. "मग त्या बायकांना काही...?" म्हटलं, "काही नाही झालं ग, मजेत आहेत, पोळी आवडली त्यांना." आई खाली बसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. बाबा मात्र टोप्यांकडेच बघत होते. "उसव म्हणाल्या? नक्की?" त्यांनी रेवाकडे बघितलं. रेवा गेलीच नव्हती तिकडे, तरी ठामपणे म्हणाली, "नक्की."

सोमवारी मी पावणेनऊला दुकानात होतो, आणि दुपारी कुमागाइ-साननी कबूल केल्याप्रमाणे बाबांना फोन केला. संध्याकाळी घरी आलो तर बाबा फोनवर होते. मामाशी बोलत होते. मी चपला काढायचा थांबलो.

"नाही रे," बाबा म्हणत होते, "त्याची वाट नको बघू. नाही यायचा तो आता." थोडा वेळ ऐकलं. "काम लागलंय त्याला इथे. पूर्ण वेळ." पुन्हा ऐकलं. मामाने विचारलं असणार, कसलं काम. बाबांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या गुडघ्याला चिकटलेल्या दोऱ्यांकडे बघितलं आणि छाती पुढे काढून म्हणाले, "सध्या उसवतोय."